आवडती ध्वनिमुद्रिका आणि सहृदयांचा संवाद : जॅझच्या श्रवणपरंपरेचा विचार

१

एखादी ध्वनिमुद्रिका आवडणे ही खाजगी घटना आहे. ती दुसऱ्याला ऐकविणे ही मात्र खाजगी घटना राहत नाही. ऐकविणारा तोंडाने बोलो वा न बोलो, तो एक दावा करीत असतो. ‘हे मला आवडते’ एवढेच त्याला सांगावयाचे असते, तर तबकडी काढून, पुसून, सुई लावून समोरच्याची तीन मिनिटे मागण्याचे त्याला कारण नव्हते. ‘हे तुलाही आवडले पाहिजे, आणि न आवडल्यास का आवडले नाही ते तू सांगितले पाहिजेस’ असा त्याच्या कृतीचा अर्थ असतो. कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत जो भेद केला, तो नेमका येथे प्रत्ययाला येतो. सुखद वस्तूविषयी प्रत्येकाची रुची वेगळी असली तरी कोणाची तक्रार नसते. सुंदर म्हणताना मात्र माणूस इतरांच्या संमतीची अपेक्षा करतो.

भारतीय काव्यशास्त्राने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. अभिनवगुप्ताच्या मते प्रेक्षागृहातील सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली म्हणजे रसाचा परिपोष अधिक होतो. सहृदय एकटा असत नाही. हृदयसंवाद ही त्याच्या सहृदयत्वाची खूणच होय. कांटची अपेक्षा संमतीची आहे, अभिनवगुप्ताचा अनुभव एकरूपतेचा आहे. जॅझच्या रसिकांच्या इतिहासात मात्र संमतीइतकाच मतभेदही फलदायी ठरलेला दिसतो, आणि म्हणून तो इतिहास समीक्षेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखा आहे. जॅझची समीक्षा फार मोठ्या प्रमाणात ग्रामोफोनभोवती जमलेल्या, एकमेकांना आपापल्या आवडीच्या तबकड्या ऐकविणाऱ्या हौशी मंडळींच्या बैठकींत आकाराला आली. त्या बैठकींनी या कलेला काय दिले आणि तिच्यापासून काय हिरावून घेतले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

जॅझमध्ये ध्वनिमुद्रिकेला एवढे महत्त्व का, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. युरोपीय अभिजात संगीतात कृती स्वरलेखनात असते. वादक बदलले तरी कृती टिकते. जॅझमध्ये रचना हे पुष्कळदा केवळ निमित्त असते. मूळ धून आणि तिच्या स्वरसंगतीचा क्रम एवढा आधार घेऊन वादक त्याच क्षणी जे निर्माण करतो, ती खरी कृती. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बंदिश आणि उपज यांचे नाते त्याच्या परिचयाचे आहे. अशी कृती कागदावर पुरतेपणी उतरत नाही. स्वराला दिलेला किंचित हेलकावा, तालाच्या मात्रेच्या जराशा मागे राहून केलेले वादन, नादाचा खरखरीतपणा या गोष्टी चिन्हांत मावत नाहीत. म्हणून जॅझच्या अभ्यासकाची संहिता म्हणजे ध्वनिमुद्रिका.

पण ही संहिता अपघातांनी घडलेली आहे. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डेन याच्यापासून जॅझचा आरंभ झाला असे अनेक जुने वादक सांगत असत. १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि १९३१ मध्ये तेथेच वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्याच्याविषयी जे ज्ञात आहे, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणींत आहे. महाराष्ट्रातील रसिकाला अल्लादियाखाँची आठवण येथे सहज होईल. १९४६ मध्ये दिवंगत झालेल्या या गायकाची थोरवी शिष्यांच्या गळ्यांतून आणि श्रोत्यांच्या स्मृतींतून कळते, तबकडीवरून नव्हे. उलट, जॅझची प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जिचा उल्लेख होतो, ती २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यू यॉर्क येथे व्हिक्टर कंपनीसाठी ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या संचाने वाजविली. कृष्णवर्णीय समाजात जन्मलेल्या कलेचा मुद्रित इतिहास अशा रीतीने दुसऱ्यांच्या वाद्यांवर सुरू झाला.

शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे वादन मावत असे. नाचघरात रंगत जाणारी धून मुद्रणकक्षात मोजून कापावी लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत्‌मुद्रण येण्यापूर्वी वादकांना कर्ण्यासमोर उभे राहून वाजवावे लागे, आणि मोठ्या ढोलाचा आघात त्या यंत्रणेला पेलत नसे. तेव्हा ध्वनिमुद्रिका ही जॅझची संहिता खरी, पण ती मुळातच खंडित आहे. रसिकांच्या बैठकींसमोर जी सामग्री आली ती अशी होती.

३

१९३२ मध्ये पॅरिसमध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्याशी निगडित दोन नावे महत्त्वाची आहेत. यूग पानास्ये याने १९३४ मध्ये ‘ल जॅझ हॉट’ हा ग्रंथ लिहिला. रोबेर आणि सोनिया देलोने या चित्रकार दांपत्याचा मुलगा शार्ल देलोने याने १९३६ मध्ये जॅझ ध्वनिमुद्रिकांची सूची प्रसिद्ध केली. अमेरिकेत मिल्ट गॅब्लर याने न्यू यॉर्कमधील आपल्या ‘कमोडोर’ या दुकानातून बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्यांचे पुनर्मुद्रण सुरू केले आणि १९३५ मध्ये तेथील हॉट क्लबांचा संघ स्थापन होण्यात पुढाकार घेतला. या मंडळींपैकी कोणी पेशाने प्राध्यापक नव्हता. त्यांना जोडणारा धागा एकच होता : आपल्याला जे थोर वाटते ते दुसऱ्याने ऐकले पाहिजे.

या साध्या इच्छेतून एक कठीण प्रश्न उपस्थित झाला. त्या काळच्या तबकडीच्या कागदी चकतीवर बहुधा संचाचे वा संचप्रमुखाचे नाव असे. क्लॅरिनेट कोणाचे, पियानो कोणाचा, याचा उल्लेख नसे. काही वेळा तर नाव मुद्दाम लपविलेले असे. लुई आर्मस्ट्राँग एका कंपनीशी करारबद्ध असताना त्याच्याच संचाने १९२६ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावाने वादन केले. चार्ली पार्करचे टोरांटो येथील १९५३ चे वादन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापलेले होते. अशा स्थितीत ‘हा ट्रंपेट कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर कानाने द्यावे लागे. एकाने नाव सुचवावे, दुसऱ्याने त्याच वादकाची दुसरी तबकडी लावून ते खोडून काढावे किंवा पक्के करावे, हा या बैठकींचा नित्याचा व्यवहार झाला. गॅब्लरने आपल्या पुनर्मुद्रित तबकड्यांवर प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य छापण्याचा प्रघात पाडला, तो या व्यवहाराचा परिपाक होय.

मराठीच्या अभ्यासकाला या कार्याचे स्वरूप परके वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यामागे ग्रंथावरील भक्ती होती, पण भक्तीने डोळस शिस्तीचे रूप घेतले होते. देलोनेच्या सूचीची जातकुळी हीच आहे. प्रेमाचा विषय शुद्ध स्वरूपात हाती यावा या तळमळीतून संशोधनपद्धती जन्माला येते. आस्वाद आणि संशोधन ही दोन विरुद्ध टोके आहेत, या समजुतीला जॅझच्या सूचिकारांचे हे उदाहरण चांगले उत्तर आहे.

मात्र या साम्याला एक मर्यादा आहे. ग्रंथाच्या पाठभेदांत एक पाठ शुद्ध आणि इतर भ्रष्ट असे बहुधा मानता येते. जॅझमध्ये एकाच बैठकीत एकच धून दोनदा मुद्रित झाली, तर दुसरा पाठ पहिल्याची बिघडलेली प्रत नसतो. चार्ली पार्करने २८ ऑक्टोबर १९४७ रोजी डायल कंपनीसाठी ‘एम्ब्रेसेबल यू’ ही धून दोनदा वाजविली. स्वरसंगतीचा क्रम तोच, वादक तेच, दिवसही तोच. परंतु दोन्ही वादनांतील स्वरवाक्ये भिन्न आहेत. पहिल्या पाठात मूळ चालीचा मागमूस जवळजवळ लागत नाही, आणि तरीही सुरुवातीला मांडलेले एक छोटे स्वरवाक्य फिरवीत, वाढवीत पार्कर संपूर्ण वादन बांधतो. येथे पाठशुद्धीचा प्रश्नच उरत नाही. दोन स्वतंत्र कृती समोर असतात. हे ज्ञान कोणत्याही सिद्धांतातून आले नाही. टाकून दिलेली दुसरी मुद्रणे जपून ठेवणाऱ्या आणि ती एकापाठोपाठ एक लावून ऐकविणाऱ्या रसिकांच्या हट्टातून ते आले.

४

या पद्धतीचे सामर्थ्य एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही २८ जून १९२८ ची ध्वनिमुद्रिका जॅझ-रसिकांनी एकमेकांना जितक्या वेळा ऐकविली असेल, तितक्या वेळा क्वचितच दुसरी कोणती ऐकविली गेली असेल. तिचा आरंभ साथीशिवाय एकट्या ट्रंपेटच्या झेपेने होतो. काही सेकंदांतच वादक तारस्थान गाठतो आणि लयीचे बंधन सैल ठेवून खाली उतरतो. मग बारा मात्राखंडांच्या ब्लूज-बंधातील संथ चाल सुरू होते. ट्रंबोन, त्यानंतर क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्राँगचा शब्दहीन गळा यांचा हळुवार सवाल-जवाब, अर्ल हाइन्सचा पियानो, आणि शेवटच्या आवर्तनात जवळजवळ चार मात्राखंड धरून ठेवलेला एकच उंच स्वर, असा तिचा क्रम आहे.

ही ध्वनिमुद्रिका एकटीच ऐकली तर श्रोता भारावतो. पण भारावणे म्हणजे आकलन नव्हे. ही धून आर्मस्ट्राँगचा गुरू जो ‘किंग’ ऑलिव्हर याची आहे, आणि त्याच्या संचाने ती आधीच, ११ जून १९२८ रोजी, मुद्रित केली होती. कोणा जाणकाराने ती तबकडी प्रथम लावली आणि मग आर्मस्ट्राँगची, तर श्रोत्याचे आकलन एकदम बदलते. ऑलिव्हरच्या वादनात ती आरंभीची झेप नाही. तिथे एक गोड, नीटस नाचाची धून आहे. म्हणजे ज्या सलामीने ही रचना अमर झाली ती रचनेत नव्हतीच. ती शिष्याने घातलेली भर होती. आता तिसरी तबकडी लावावी : १९२९ च्या जानेवारीत ऑलिव्हरच्या संचाने हीच धून पुन्हा मुद्रित केली, आणि तीत लुई मेटकाफ हा ट्रंपेटवादक आर्मस्ट्राँगच्या सलामीचे अनुकरण करतो. सातच महिन्यांत गुरूच्या संचाला शिष्याच्या ध्वनिमुद्रिकेचा पाठ गिरवावा लागला.

आर्मस्ट्राँगने जॅझमध्ये एकल वादकाला केंद्रस्थान मिळवून दिले, हे विधान पुष्कळ ग्रंथांत आढळते. तीन तबकड्यांच्या या क्रमाने तेच विधान श्रोत्याच्या कानाला पुराव्यानिशी पटते. येथे ऐकविणाऱ्याने एक शब्दही उच्चारलेला नाही. त्याने फक्त क्रम ठरविला. तुलना, पूर्वपरंपरेचा शोध आणि व्यक्तिगत प्रतिभेचे निश्चितीकरण ही समीक्षेची तिन्ही कार्ये त्या क्रमाने पार पडली. आवडीची ध्वनिमुद्रिका दुसऱ्याला ऐकविण्याच्या कृतीत समीक्षेचे बीज असते असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

५

परंतु जी आवड जतन करते तीच आवड वगळतेही. रसिकांच्या या परंपरेचे दोष तिच्या गुणांतूनच उद्भवले आहेत.

डीन बेनेडेट्टी या सॅक्सोफोनवादकाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. पार्करच्या वादनाने तो इतका झपाटला होता की १९४७ आणि १९४८ मध्ये मुद्रणयंत्र घेऊन तो पार्करच्या मैफलींना जात असे. मुद्रणसाहित्य थोडे आणि आवड एकाच माणसाची, म्हणून तो बहुतेक वेळा पार्कर वाजवू लागला की यंत्र सुरू करी आणि पार्कर थांबला की बंद करी. ही मुद्रणे दीर्घकाळ हरवलेली मानली जात होती; १९९० मध्ये मोझेइक कंपनीने ती प्रसिद्ध केली. त्यांत पार्करची अपूर्व उपज आहे, आणि तिच्याभोवतीचे सर्व काही कापलेले आहे. ज्या सहवादकाच्या स्वरवाक्याला पार्कर उत्तर देत होता, ते वाक्यच नाही. संवादातील एकाच व्यक्तीची वाक्ये लिहून ठेवावीत तसा हा प्रकार झाला. बेनेडेट्टीला दोष देण्याचे कारण नाही. तो नसता तर तेवढेही उरले नसते. तथापि आवड ही स्वभावतःच कात्री असते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

दुसरा दोष मुद्रित झालेल्यालाच संपूर्ण मानण्याचा. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांपैकी व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोड केली. नेमक्या याच काळात न्यू यॉर्कच्या रात्रीच्या मैफलींत बीबॉप ही नवी शैली घडत होती. तिच्या घडणीचे टप्पे तबकड्यांवर फारसे आले नाहीत. परिणामी, युद्धानंतरच्या ध्वनिमुद्रिका कानी पडल्या तेव्हा तबकड्यांवरच विसंबणाऱ्या रसिकाला ती शैली आकाशातून पडल्यासारखी भासली. १९४७ मध्ये हॉट क्लब द फ्रान्समध्ये फूट पडली. पानास्येने नव्या शैलीला जॅझ मानण्यास नकार दिला, देलोनेने तिचा पुरस्कार केला. या भांडणाच्या मुळाशी रुचिभेद होता यात शंका नाही, परंतु मधली कडी ऐकावयास न मिळाल्याने तो अधिक विकोपाला गेला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ संचाच्या तबकड्या ओके कंपनीने कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी राखलेल्या ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या मालिकेत विकल्या. ज्या घरांत त्या प्रथम वाजल्या, तेथील श्रोत्यांनी त्यांविषयी काय म्हटले, याची नोंद फारशी झाली नाही. पुढे त्या जुन्या तबकड्या गोळा करणारे, त्यांच्या सूची करणारे आणि त्यांवर लिहिणारे बहुतांशी गोरे होते. अभिरुचीचा जो आलेख सिद्ध झाला तो दुसऱ्या श्रोतृवर्गाचा होता, हे विसरून चालणार नाही. संग्राहकाच्या मनात दुर्मिळता आणि गुणवत्ता यांची गल्लत होते, हाही त्याचाच एक परिणाम. वाजून वाजून झिजलेली तबकडी संग्राहकाला कमी मोलाची वाटते. वास्तविक ती झीज हीच पहिल्या श्रोत्यांनी दिलेली दाद होती.

तरीही याच वर्तुळातून उलट दिशेचे उदाहरणही निघते. गॅब्लरने १९३८ मध्ये ‘कमोडोर’ नावानेच स्वतःची मुद्रणसंस्था काढली. बिली हॉलिडेला कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत मुद्रित करावयाचे होते, पण ती जिच्याशी करारबद्ध होती त्या कंपनीने नकार दिला. ते २० एप्रिल १९३९ रोजी मुद्रित झाले ते कमोडोरसाठी. रसिकाची आवड जबाबदारी पत्करते तेव्हा ती किती दूर जाऊ शकते, याचा हा दाखला होय.

६

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड तेथे आला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांना या संचांमुळे ही कला प्रत्यक्ष ऐकावयास मिळाली. पण थोर वादक सातासमुद्रांपलीकडे असल्याने, उरलेले शिक्षण तबकडीकडूनच घ्यावयाचे होते. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अँतोनियो झेवियर वाझ या गोमंतकीय ट्रंपेटवादकाला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याने सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात त्या सहवासाच्या खुणा ऐकू येतात. एका मराठी संगीतकाराच्या चालीत न्यू ऑर्लिन्सची छटा उतरली, ती अशा हातोहाती.

मुंबईतही तबकड्यांभोवती रसिकांचे वर्तुळ जमले. निरंजन झवेरी यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘ब्लू रिदम’ हे जॅझविषयक नियतकालिक चालविले, आणि १९७८ मध्ये पहिल्या ‘जॅझ यात्रे’च्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. ज्यांची वादने केवळ तबकडीवर ऐकली होती, त्यांपैकी सॉनी रॉलिन्ससारखे वादक त्या निमित्ताने मुंबईच्या श्रोत्यांसमोर आले. दुसऱ्याला ऐकविण्याची इच्छा येथे तबकडीच्या पलीकडे गेली. जिचा केवळ मुद्रित ठसा हाती होता, ती कला तिने प्रत्यक्ष आणून उभी केली.

७

तात्पर्य असे की आवडती ध्वनिमुद्रिका दुसऱ्याला ऐकविणे हा केवळ फावल्या वेळेचा विरंगुळा नव्हे. जॅझच्या बाबतीत त्या व्यवहारातून नावे निश्चित झाली, सूची सिद्ध झाल्या, तुलनेची पद्धती घडली आणि पाठभेदाची एक नवी कल्पना मिळाली. त्याच व्यवहाराने न मुद्रिलेले विस्मृतीत ढकलले, पहिल्या श्रोत्यांचा आवाज झाकला आणि संवादातील एकच बाजू जपण्याचा मोह निर्माण केला. हे गुणदोष वेगळे करता येत नाहीत. कारण दोन्हींचा उगम निवडीत आहे, आणि निवडीवाचून ऐकविणे शक्य नाही.

आज कोणतेही मुद्रण क्षणार्धात कोणाच्याही कानाशी येते. तथापि वादकांची नावे मात्र त्या सोयीत पुन्हा अनेकदा गळालेली असतात, आणि पुढचे काय ऐकावे हे सुचविण्याचे काम यंत्राकडे गेले आहे. यंत्र आवडीचा अंदाज बांधते. पण आपल्या निवडीचे समर्थन करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. ‘ही का लावलीस?’ असे त्याला कोणी विचारीत नाही. सहृदय मित्राला तो प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर देता न आल्यास त्याला तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. समीक्षेचा आरंभ त्या दुसऱ्या श्रवणापासून होतो.